सगळा पैसा बाहेरूनच येतो?

कुणीतरी म्हटलंय, चर्च गरजूंना जी मदत करतं तो सगळा परदेशी पैसा. पुण्यातल्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हंगामाच्या सणाला (पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण) एकदा याच. घरची लिंबं, दुधी भोपळा, पाय बांधलेली कोंबडी, सगळ्याचा लिलाव होतो. चढाओढीत साधा नारळ पाचशेला जातो आणि घेणारा तोच पुन्हा लिलावात टाकतो! गरजूंचं रेशन, मुलांच्या शाळेची फी यातूनच निघते. परदेशी देणगी तर संस्थेला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय घेताच येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा होते, दुसऱ्या संस्थेला वळवताही येत नाही. उलट आपण परदेशातल्या भूकंपग्रस्तांना पैसे पाठवायचे म्हटले, तर कागदपत्रांची कटकट वेगळीच.