चुलत काकाकडे राहणारं मूल आणि काउन्सिल

इथे इंग्लंडमध्ये कोणीतरी म्हटलंय की फॉस्टरिंग (दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणं) म्हणजे काउन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, ताब्यात घेतलेली मुलं, आपल्या देशी घरांचा काय संबंध. पहिला भाग ठीक, पण संबंध नाही हे पटत नाही. प्रायव्हेट फॉस्टरिंग नावाचा वेगळा प्रकार आहे, म्हणजे घरच्यांनीच आपसात ठरवून मूल दुसऱ्याकडे ठेवणं. १६ वर्षांखालचं मूल (अपंग असेल तर १८) आईवडील किंवा जवळचा नातेवाईक सोडून दुसऱ्या कोणाकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर काउन्सिलला कळवावंच लागतं, तेही आधीच ठरलं असेल तर सहा आठवडे आधी. आणि जवळचा नातेवाईक म्हणजे आजीआजोबा, भावंडं, सख्खे-सावत्र काकामामा, आत्यामावश्या, त्यांचे नवरेबायका आणि सावत्र आईवडील, बस्स. बाबांचा चुलतभाऊ, ज्याला आपण बिनधास्त काका म्हणतो, तो यात बसत नाही!

आमच्या ओळखीतल्या एकांकडे मित्राचा मुलगा शाळेसाठी राहायला होता, शाळेनेच विचारलं आणि मग सोशल वर्कर आली, घर बघितलं, मुलाशी एकट्याने बोलली, पहिल्या वर्षी दर सहा आठवड्यांनी तरी येतेच. घरचे जाम घाबरले होते पण मूल काढून घेत नाहीत हो, पालकत्वाचे हक्क आईवडिलांकडेच राहतात, फक्त फॉस्टरिंगचा भत्ता मात्र मिळत नाही, खर्चाचं आपसात बघायचं. नियम एवढे कडक का, तर व्हिक्टोरिया क्लिंबीये, आयव्हरी कोस्टची आठ वर्षांची मुलगी, लंडनमध्ये बापाच्या आत्याकडे राहत होती, २००० साली छळामुळे गेली. त्यानंतर २००४ च्या कायद्यात हे नियम घट्ट केले.