गव्हर्नरपदाची प्राथमिक निवडणूक : सहा नावे आणि माझे एक मत

प्रेषक : एक सभासद, एडिसन
दिनांक : २७ मे २०२५

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीची टपाली मतपत्रिका आमच्या घरी येऊन बरेच दिवस झाले. मुलाच्या शाळेतल्या जेवणाच्या वेळापत्रकाखाली ती फ्रिजच्या दाराला चिकटवून ठेवली आहे आणि काळे पेन घेऊन मी तिच्यासमोर दोनदा बसून तशीच उठले आहे. १० जून आता दोन आठवड्यांवर आला. मी डेमोक्रॅटिक पक्षाची नोंदणीकृत मतदार आहे आणि आमच्या बाजूला सहा उमेदवार आहेत. त्यांतला एकही उघड टाकाऊ नाही, हीच माझी अडचण आहे.

मिकी शेरिल नौदलात हेलिकॉप्टर चालवत असत, पुढे त्या केंद्र सरकारच्या वकील झाल्या आणि आता काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्य आहेत. जॉश गॉटहायमर हेही काँग्रेसमध्येच आहेत. नेवार्कचे महापौर रास बराका यांच्या काळात शहरातले सुमारे २३,००० शिशाचे नळ तीन वर्षांच्या आत बदलले गेले. त्यांना ९ मे रोजी स्थलांतरितांच्या बंदिगृहाबाहेर अटक झाली आणि तो आरोप पुढे सरकारनेच मागे घेतला. जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलप, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर आणि राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी हे उरलेले तिघे.

'माणूस कसा आहे' या प्रश्नाने माझे काही ठरेना, म्हणून मी प्रश्नच बदलला. आमच्या घराला ज्या तीन गोष्टी टोचतात, त्यांतल्या गव्हर्नरच्या हातात किती, हे आधी पाहायचे असे ठरवले. १६ मे रोजी रेल्वे इंजिनचालकांचा संप झाला, तेव्हा मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कला जाणारे आमचे हे तीन तास गाडी चालवून ऑफिसला पोहोचले. ही रेल्वे चालवणाऱ्या एनजे ट्रान्झिट या राज्य संस्थेचे संचालक मंडळ गव्हर्नर नेमतात. १ जूनपासून विजेचे बिल १७ ते २० टक्क्यांनी वाढणार आहे, आणि दरांवर देखरेख करणाऱ्या मंडळाचे पाचही आयुक्त गव्हर्नरच नेमतात. तिसरा मालमत्ता कर. राज्याची सरासरी गेल्या वर्षी १०,००० डॉलरच्या वर गेली, आणि गॉटहायमर तो जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी करण्याचे आश्वासन देत आहेत. आकडा ऐकून मीही सुखावले होते. मग बिल काढून पाहिले तर त्यात नगरपालिका, काउंटी (म्हणजे जिल्हा) आणि शाळा असे तीन हिस्से, निम्म्याहून अधिक शाळांचा, आणि एकावरही गव्हर्नरची सही नाही. मग हा कर गव्हर्नर कमी करणार तरी कसा? ज्यांनी या सर्वांची भाषणे ऐकली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली नम्र,
एडिसनची एक सभासद

---

प्रेषक : एक ज्येष्ठ सभासद, पार्सिपनी
दिनांक : २८ मे २०२५

ताई, सप्रेम नमस्कार.

प्रश्न बदललात हे उत्तम केलेत; फक्त मालमत्ता कराबाबत गव्हर्नरला इतक्या सहज मोकळे सोडू नका. शाळांना राज्याकडून किती पैसे मिळतील याचा प्रस्ताव गव्हर्नरच्या अर्थसंकल्पात असतो, आणि तिकडून आलेला डॉलर कमी पडला की तोच तुमच्या बिलात येऊन बसतो. तेव्हा करकपातीची टक्केवारी सांगणाऱ्याला शालेय अनुदानाच्या सूत्राचे तो काय करणार, हे विचारावे. उत्तर लांबलचक आणि किंचित कंटाळवाणे असेल, तर माणसाने अभ्यास केला आहे असे मी समजतो.

तुम्हाला या वेळी इतके अवघड का जाते आहे, याचे एक कारण मतपत्रिकेतच आहे. इथे काउंटीतल्या पक्षनेत्यांनी पसंत केलेले सगळे उमेदवार अनेक वर्षे एकाच रांगेत छापले जात आणि बाकीचे कोपऱ्यात कुठेतरी पडत. आमच्या गावाकडे साखर कारखान्याच्या निवडणुकीत 'पॅनेल टू पॅनेल' शिक्के मारतात, अगदी तसेच. तेव्हा अमेरिकी सिनेटचे उमेदवार असलेल्या अँडी किम यांनी त्याविरुद्ध दावा लावला, मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने ती पद्धत थांबवली, आणि आता प्रत्येक पदाखाली सगळी नावे एकत्र येतात. भारतात तिकीट कोणाला द्यायचे ते श्रेष्ठी ठरवतात आणि एबी फॉर्म हातात पडेपर्यंत उमेदवाराचा जीव टांगणीला असतो; इथे १० जूनला तो फॉर्म तुम्हीआम्हीच देणार आहोत. मी तीस वर्षे त्या रांगेवर डोळे मिटून खूण केली आणि त्यालाच विचारपूर्वक मतदान म्हणत आलो, हे कबूल करायला हवे.

आणखी एक. हडसनपलीकडे न्यूयॉर्क शहरात २४ जूनला महापौरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत पसंतीक्रमाने मतदान आहे. न्यू जर्सीत तशी सोय नाही आणि मतदानाची दुसरी फेरीही नाही, त्यामुळे सहा जणांत मते फुटली तर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मते मिळवणारा उमेदवारही जिंकू शकतो. नोव्हेंबरच्या अंतिम निवडणुकीचाही विचार करावा लागतो, कारण २०२१ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे जॅक चिटारेली सुमारे तीन टक्क्यांनीच हरले होते आणि ते पुन्हा रिंगणात आहेत. त्याच वर्षी स्वीनी यांच्यासारखा बलाढ्य नेता स्वतःच्या मतदारसंघात एका ट्रकचालकाकडून पराभूत झाला, तेव्हा 'हा नक्की निवडून येणार' या हिशेबावर फार विसंबू नका.

टपाली मतपत्रिका मागवली असल्यास मतदान केंद्रातल्या यंत्रावर मत देता येत नाही, आणि आतल्या पाकिटाला जोडलेल्या प्रमाणपत्रावर सही करायला विसरू नका. गेल्या खेपेस आमच्या सौभाग्यवतींनी पाकीट बंद केल्यावर सहीची आठवण काढली होती.

आपला,
पार्सिपनीचा काका

---

प्रेषक : यादी व्यवस्थापन
दिनांक : २८ मे २०२५

आपले मंडळ करमुक्त संस्था असल्याने सभासदांच्या या पत्रव्यवहार-यादीवरून कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. आतापर्यंतची चर्चा मर्यादेत आहे. 'अमुक यांनाच मत द्या' असे मात्र कृपया कोणी लिहू नये.

---

प्रेषक : एक सभासद, एडिसन
दिनांक : १ जून २०२५

काका, मनःपूर्वक आभार.

तुमचा प्रश्न घेऊन मी शनिवारी सहाही जणांची संकेतस्थळे वाचली आणि जिथे सापडल्या तिथे मुलाखतीही ऐकल्या. शिक्षक संघटनेच्या पैशावर स्पिलर यांच्यासाठी कोट्यवधी डॉलरच्या जाहिराती होत आहेत. त्या पाहून माझा कल त्यांच्याकडे होता हे खरे, पण शाळांचा खर्च आणि कर यांच्या ओढाताणीत ते करदात्याची बाजू किती मांडतील, ही शंका फिटली नाही. स्वीनी यांचे विधिमंडळातले काम मोठे आहे, तरी त्यांचे बोलणे मला गेल्या दशकातले वाटले. बराका यांच्या नळांचे काम पाहून बराच वेळ थांबले, कारण सहा जणांमध्ये मोजून दाखवता येईल असे ते सर्वांत ठळक काम होते. करकपातीच्या आकड्यासमोर मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले ते तसेच राहिले आहे.

आता दोनच नावे उरली आहेत. कोणती, ते व्यवस्थापनाच्या सूचनेमुळे लिहीत नाही आणि आमच्या ह्यांनाही सांगितलेले नाही, कारण त्यांचे मत त्या रेल्वे संपातच पक्के झाले आहे. वेळापत्रकाखालून मतपत्रिका काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आहे. गुरुवारी रात्री मुलगा झोपल्यावर खूण करीन, प्रमाणपत्रावर आधी सही करीन, आणि शुक्रवारी सकाळी त्याला शाळेत सोडताना पाकीट मतपेटीत टाकीन.

आपली,
एडिसनची सभासद