मदत हवी आहे: शिखर परिषदेच्या आठवड्यात विद्यापीठ कसं चालवायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या विद्यापीठाला लागूनच आंतरराष्ट्रीय शिखर परिषद भरतेय. रस्ते बंद, पास असेल त्यालाच प्रवेश. २०१० च्या जी-२० वेळी टोरांटो विद्यापीठाने शहराच्या मध्यातला कॅम्पसच बंद ठेवला होता, २०२३ ला दिल्लीत शाळा-कॉलेजांना सुट्टी होती. आमच्याकडे अजून नुसत्या बैठका!

तासिका ऑनलाइन घेऊ, त्याचं काही नाही. पण प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना रोज खाणं-पाणी लागतं. द्रव नायट्रोजनचा टँकर नाक्यावर अडकला तर गोठवलेल्या नमुन्यांचं काय? अशा वेळी आधीच जास्तीचा साठा करता का? पोलिसांकडे अत्यावश्यक कर्मचाऱ्यांची यादी किती दिवस आधी द्यावी लागते? आणि वसतिगृहाच्या मेसचा भाजीपाला पहाटे आत सोडतात का? ज्यांनी हे निभावलंय, त्यांनी प्लीज सांगा.