शिफ्ट ड्युटी करून वॉटरकलर शिकायलोय, टार्गेट नेमकं काय ठेवावं?

फाउंड्रीवाला:
नमस्कार मंडळी. वय ३४, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत कामाला, तीन शिफ्ट आलटून पालटून. शाळेत इलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, पण घरची परिस्थिती बघून आयटीआय केला आणि चित्रकला तिथंच राहिली. आता पोरगी पाचवीत गेली, तिची रंगपेटी बघून परत हात शिवशिवायला लागले. जानेवारीत ठरवलं, १०० दिवसांत १०० लँडस्केप आणि दिवाळीपर्यंत शाहू स्मारकच्या आर्ट गॅलरीत छोटं प्रदर्शन. १४ झाली. मग नाईटचा आठवडा आला, चार दिवस चुकले, ते भरून काढायला रविवारी एका बैठकीत ५ चित्रं केली आणि ती इतकी मातकट झाली की बघवेनात. तेव्हापासून दीड महिना ब्रशला हात नाही. टार्गेट ठेवलं की मोडतंय, नाही ठेवलं की बसणंच होत नाही. मला खरंच शिकायचंय, कुणी मार्ग सांगा.

रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर:
पहिलं म्हणजे ती ५ चित्रं मातकट का झाली ते समजून घ्या, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. वॉटरकलरमध्ये एक थर वाळायला वेळ द्यावाच लागतो, ओल्यावर दुसरा रंग चढवला की सगळं एकमेकांत मिसळून राखाडी चिखल होऊ शकतो. घाईत ५ चित्रं म्हटल्यावर दुसरं काय होणार. म्हणजे टार्गेटनंच चित्र बिघडवलं.

१०० चित्रं हा नुसता आकडा झाला, त्यातनं काय यायला पाहिजे हे कुठं ठरलंय? मी पोरांना विचारायचो, तुला आज काय जमत नाही ते एक सांग. समजा आभाळाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, सलग उतरत नाही, वर गडद आणि क्षितिजाकडं फिका, मध्ये पट्टे न पडता. मग महिनाभर तेवढंच. पोस्टकार्डाएवढा कागद, ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या, पातळ कार्ट्रिज कागद पाण्यानं फुगतो आणि रंग खड्ड्यात साचतो. रंग एकच, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) किंवा पेन्स ग्रे (निळसर राखाडी). एका रंगात उजेड-सावली जमली की बाकीचे रंग आपोआप ऐकायला लागतात.

विषयही एकच धरा. आत्ता रंकाळा तलावाचं पाणी उतरलंय, त्यातला दगडी संध्यामठ चांगला वर आलाय, त्याच्या कमानी काढा. आपले जुने चित्रकार आबालाल रहमान यांनी कोटितीर्थ तळ्याचा परिसर परत परत रंगवला, एवढा मोठा माणूस, तरी एका तळ्यानं त्यांचं मन भरलं नाही. सकाळी लवकर जा मात्र, उन्हात वॉश पुरा व्हायच्या आतच वाळतो आणि कडा कडक पडतात.

प्रदर्शनाची तारीख सध्या सोडा. हॉल मिळणं, फ्रेमचा खर्च, हे काही तुमच्या हातात नाही. रोजची २० मिनिटं आहेत.

गंगावेशकर:
भावा, मास्तरांचं सगळं बरोबर हाय पण आकडा एकदम सोडू नको, आकड्यानं माणूस जाग्यावर बसतोय. फक्त ल्हान ठेव. मी तालमीत दहा वर्षं काढली. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी डबल जोर मारायला लागलो की वस्ताद कान धरून उठवायचे, म्हणायचे कालचं काल गेलं, आजचं आज मार. खांदा धरला तर महिना जातोय. तुझं त्या रविवारी तेच झालं बघ.

आणि पैलवान खाशाबा जाधव बघ की. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला सहावे आले, आपली सवय मातीची आणि तिथं गादी. मग गादीवरचं शिकून घेतलं आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. मधी चार वर्षं गेली. तू दिवाळीपर्यंतच प्रदर्शन म्हणतोयस.

राजारामपुरीची ताई:
मला सरांचं एक पटलं नाही, महिनाभर एकच रंग म्हणजे नोकरी करून दमलेल्या माणसाला परत ड्युटीच. दादा, रविवारी पोरीला शेजारी घेऊन तिच्या पेटीतले सगळे रंग वापरा, चित्र कसं झालं ते बघूच नका. मी चाळिशीत हार्मोनियम शिकायला लागले, आठवडाभर अलंकार, म्हणजे सरावाचे सुरांचे पलटे, आणि रविवारी मनाला येईल ते गाणं, म्हणून टिकले, नाहीतर दोन महिन्यात पेटी माळ्यावर गेली असती. आणि आमच्या इथलं चंद्रकांत मांडरे कला संग्रहालय बघितलंय का? सिनेमाची कामं सांभाळून त्यांनी केवढं काम केलंय, पावडर शेडिंगची, म्हणजे पूड चोळून छटा दिलेली चित्रं जवळनं बघा.

रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर:
ताई, रविवारचं मान्य. तेवढी सूट पाहिजेच. आणि नाईटच्या आठवड्यात रंग बंद, फक्त पेन्सिल, जेवणाच्या सुट्टीत १० मिनिटं मशीन काढा, हात काढा, काहीही.

फाउंड्रीवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. खरं सांगतो, ती नाईटची चूक मला कळलीच नव्हती, तिन्ही शिफ्टला एकच टार्गेट लावून बसलो होतो. आता असं ठरवलंय, फर्स्ट आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात चार दिवस २० मिनिटं, एकच रंग, फक्त आभाळ आणि संध्यामठ. चुकलं तर चुकलं, भरून काढायचं नाही. उद्यापासून सेकंड आहे म्हणजे सकाळ मोकळी, साडेसहाला रंकाळ्यावर जातो. पोरगी पण येतो म्हणालीय. मास्तर, पहिले चार वॉश झाले की फोटो टाकतो, कुठं चुकतंय ते स्पष्ट सांगा.

रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर:
टाका. पाण्याचे डबे दोन न्या, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ.