पॅक-मॅनचा जुना बोर्ड सतत रीसेट होतो

प्रश्न: १९८० सालच्या पॅक-मॅन या आर्केड खेळाचा मूळ सर्किट बोर्ड चालू करताच पडद्यावर असंबद्ध अक्षरे उमटतात आणि तो पुन्हा पुन्हा रीसेट होतो. आधी काय तपासावे?

उत्तर १: वीजपुरवठा. या बोर्डाला सुमारे ७ व्होल्ट एसी मिळते आणि त्याचे ५ व्होल्ट डीसी बोर्डावरच होतात, म्हणून मल्टिमीटर थेट झेड-८० या प्रोसेसरच्या ११ व २९ क्रमांकाच्या पायांवर लावावा. कडेच्या कनेक्टरचे पट्टे काळवंडले असतील, तर आधी ते स्वच्छ करावेत. तोवर नवी चिप आणणे व्यर्थ.

प्रश्नकर्ता: पट्टे स्वच्छ केले, ४.९७ व्होल्ट मिळतात, तरी दोष कायम आहे.

उत्तर २: प्रोग्राम भरकटला की वॉचडॉग (त्यावर नजर ठेवणारे सर्किट) प्रोसेसरला रीसेट करतो, तेच येथे घडत असावे. वीज बंद करून रॉमचे (प्रोग्राम साठवलेल्या चिपांचे) पाय व सॉकेट साफ करा. त्यानंतर माझा संशय २११४ क्रमांकाच्या रॅमवर (तात्पुरती माहिती ठेवणाऱ्या चिपांवर) आहे.