नवा पीसी तापून बंद पडतोय? सोलापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

एप्रिल लागला की आपल्याकडे पारा ४२-४३ ला टेकतो, आणि त्याच सुमारास नव्या असेंबल केलेल्या पीसीची तक्रार कानावर येते: "काम करता करता आपोआप बंद पडतो." ऐकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं. "उन्हाळा आहे, तापणारच." या उत्तरावर कुणी गप्प बसू नये असं मला मनापासून वाटतं. लोक महिनोन्‌महिने पैसे साठवून मशीन घेतात. उन्हाळा मशीनला जड जातो हे खरंच, पण नीट जोडलेला पीसी सोलापूरच्या मे महिन्यातही बंद पडत नाही. पडत असेल तर त्याला ठोस कारण असतं आणि शोधलं तर ते सापडतं. म्हणून हा धागा.

लिहिताना एक भेद ध्यानात ठेवा. प्रोसेसर तापला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. बहुतेक इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेत बहुतेकांची ९५. तापमान त्याच्याही बरंच वर गेलं तरच संरक्षण म्हणून वीज तोडली जाते. म्हणजे उष्णतेनं बंद पडणारं मशीन सहसा आधी रेंगाळतं. छान चालू असताना खट्‌कन बंद झालं तर संशयाची सुई दुसरीकडे वळवा. एचडब्ल्यूइन्फो हा तापमानाचे आकडे दाखवणारा प्रोग्राम उतरवून घ्या, त्यात आकड्यांची नोंद चालू ठेवा आणि मशीन बंद पडलं की फाइलची शेवटची ओळ वाचा. ती ओळ इथं लिहिलीत तर अर्धं काम झालं.

माझ्याकडून सुरुवात. मेहुणा लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. इंटेलचा आय७-१२७००के प्रोसेसर, बी६६० चा स्वस्तातला मदरबोर्ड, एका टॉवरचा एअर कूलर. खोली गच्चीखाली, स्लॅब दिवसभर तापलेला, दुपारी खोलीतच ३८-३९. व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की प्रोसेसर १०० वर जाऊन चिकटायचा आणि थोड्या वेळानं मशीन बंद. कूलर काढून पाहिला, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सगळीकडे एकसारखी पसरलेली, पकड चांगली. मग नोंद वाचली. प्रोसेसर १०० च्या वर गेलेलाच नव्हता, पण त्याला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग, व्हीआरएम, ११० च्या पुढे गेला होता. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, पाहिलं तर प्रोसेसरनं किती वीज घ्यायची ते ठरवणारं पॉवर लिमिट ४०९६ वॅट, म्हणजे मर्यादाच नाही. इंटेलनं या प्रोसेसरला १२५ वॅट मूळ आणि जास्तीत जास्त १९० दिले आहेत. सतत घ्यायच्या विजेची मर्यादा १२५ केली, थोड्या वेळापुरती १९०. प्रोसेसर ८० च्या घरात आला, व्हीआरएमही निवळला, एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागतो एवढंच. मेहुण्यानं त्या वर्षीचा सगळा सीझन त्याच मशीनवर काढला.

आता तुम्ही लिहा. कोणतं मशीन, कुठली खोली, काय सापडलं.

*

नवी पेठ, दुरुस्तीचं काम करतो

सर, चांगला विषय काढलात. माझ्याकडं उन्हाळ्यात येणाऱ्या नव्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते इंटेलच्या प्रोसेसरबरोबर डब्यातच येणाऱ्या कूलरचं. त्याला चार पाय असतात. पांढऱ्या प्लास्टिकचा दुभंगलेला पाय बोर्डाच्या भोकातून खाली जातो, वरून काळी खुंटी दाबली की ती त्या पायाच्या मधे शिरून त्याला फाकवते, तेव्हा पकड बसते. दाबताना टक्‌ आवाज येतो, पण आवाजावर विश्वास ठेवू नका. बोर्ड उलटा करून बघा. चारही भोकांतून पांढरा पाय पूर्ण बाहेर आलेला आणि त्याच्या मधे काळं टोक दिसलं पाहिजे. तीन ठिकाणी दिसलं आणि चौथ्या ठिकाणी नुसतंच पांढरं असलं तर कूलर एका बाजूनं उचललेला आहे. वरून बघून हे कधीच कळत नाही. आणि डोक्यावरचा बाण हा कूलर काढताना फिरवायची दिशा दाखवतो. बसवायच्या आधी चारही खुंट्या बाणाच्या उलट फिरवून घ्यायच्या, मग समोरासमोरच्या दोन एकदम दाबायच्या. बोर्ड कॅबिनेटमध्ये जायच्या आधीच हे केलेलं बरं, नंतर बोर्ड वाकतो.

ओळखायची खूण सांगतो. विंडोज सुरूच करू नका, नुसतं बायोसमध्ये जाऊन बसा. तिथं प्रोसेसरला फार काम नसतं. तरी एक-दोन मिनिटांत आकडा ८०-९० कडे धावत सुटला तर कूलर टेकलेला नाही, किंवा तळाची पारदर्शक फिल्म तशीच राहिलीय. टॉवर कूलरला ही फिल्म असते, तिच्यावर इशाराही छापलेला असतो, तरी फिल्मसकट बसवलेली मशीनं दरवर्षी येतात. एकदा उचललेला कूलर जुन्याच पेस्टवर परत ठेवायचा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसायच्या आणि वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावायची.

*

अक्कलकोट रोड एमआयडीसी, जकार्ड डिझाइनिंग

आमचं डिझाइनचं ऑफिस कारखान्याला लागून आहे. एका दारापलीकडे टॉवेलचे माग चालतात. नवीन मशीन आलं तेव्हा एकदम थंड होतं. महिना-दीड महिना गेला आणि दुपारी अडखळायला लागलं, मग बंद पडायला लागलं. कॅबिनेटच्या पुढची जाळी काढली तर तिच्यावर कापसाच्या तंतूंचा अख्खा थर जमला होता, नखानं धरून ओढला तर एका तुकड्यात निघून हातात आला. आत कूलरच्या पात्यांमध्येही तेच. पंखे पूर्ण वेगानं फिरत होते, पण ओढायला हवाच नव्हती.

मागाशेजारी ज्यांचं ऑफिस आहे त्यांनी माझं एवढं ऐका. पीसी जमिनीवर ठेवू नका, तंतू खालीच साठतात. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे फटींतून कचरा आत ओढला जात नाही, जो येईल तो जाळीवर अडकतो. आमच्याकडे जाळी दर आठवड्याला साफ होते, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर ती भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग जातं. आणि धूळ बसू नये म्हणून चालू मशीनवर कापड टाकायची सवय आपल्याकडे फार आहे, ती आधी बंद करा.

*

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विजापूर रोड

आमच्या केसमध्ये उष्णता नव्हतीच. रूममेटच्या पीसीत आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड आहे. गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत स्क्रीन काळी, पंखे बंद, सगळं शांत. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, कॅबिनेट उघडं ठेव, समोर टेबल फॅन लाव. लावला, तरी तेच. नोंदीत शेवटची ओळ पाहिली तर ग्राफिक्स कार्ड ६८, प्रोसेसर ७१. एवढ्यात काही बंद पडत नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोज स्वतः ठेवतं त्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ दिसत होतं. त्यावरून बरेच जण पॉवर सप्लाय खराब असा निष्कर्ष काढतात, पण ती नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता गेलं. कारण सांगत नाही. इथं मात्र दोष पॉवर सप्लायकडेच निघाला. जोडून देणाऱ्यानं जुन्या मशीनमधला ५०० वॅटचा बसवला होता, आणि या कार्डला एनव्हिडियानं ६५० सांगितलाय. कार्ड सरासरी २२० वॅट घेत असलं तरी क्षणभर त्याच्या बरंच वर उसळी मारतं, तेवढ्यात सप्लायचं संरक्षण वीज तोडतं. बदलून चांगल्या प्रतीचा ६५० घेतला. तेव्हापासून भर दुपारी, पंख्याखाली, बिनधास्त चालतंय.

*

जुळे सोलापूर, आर्किटेक्ट

माझा अनुभव लिक्विड कूलरचा. रायझेन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, २४० मिलिमीटरचा रेडिएटर, म्हणजे नळ्यांतून आलेलं गरम पाणी गार करणारा भाग. थ्रीडी रेंडरला सगळे कोअर तासन्‌तास पूर्ण भरावर असतात. काही दिवस उत्तम चालायचं, काही दिवस रेंडर सुरू होताच मशीन रेंगाळायचं आणि मग बंद. हे कधी चालणं, कधी न चालणं यामुळे मी हैराण झाले होते, कारण क्लायंटला तारीख दिलेली असते.

शेवटी दोन्ही नळ्यांना हात लावून पाहिला. एक चटका बसेल इतकी गरम, दुसरी गार, रेडिएटरही गारच. पाणी फिरत असतं तर दोन्ही नळ्या जवळपास सारख्या लागतात. बायोसमध्ये पंपाचे फेरे शून्य! पंपाची वायर कॅबिनेटच्या पंख्याच्या जागी लावलेली होती, आणि मशीन थंड असताना बोर्ड तिथं कमी व्होल्ट द्यायचा. तेवढ्यावर पंप कधी सुरू व्हायचा, कधी नाही. वायर पंपाच्या जागी लावून वेग कायमचा पूर्ण केला.

नंतर ९५ हा आकडा पाहून पुन्हा धडकी भरली होती, पण या प्रोसेसरची रचनाच तशी आहे, भार आला की तो ९५ पर्यंत जातो आणि तिथं थांबतो. तरीही आपल्या उन्हाळ्यासाठी मी इको मोड, म्हणजे प्रोसेसरनं कमी वीज घ्यायची सोय, लावलाय. मूळ मर्यादा २३० वॅटची, ती १४२ वर आणली. रेंडरच्या वेळेत फरक फार कमी पडतो आणि खोली तेवढी कमी तापते. ज्यांचं काम दिवसभराच्या भाराचं आहे त्यांनी हे जरूर करून बघा.

*

साखर पेठ

घरात डेझर्ट कूलर आहे. पीसी त्याच्यासमोर ठेवला तर चालेल का? ओलाव्याची भीती वाटते.

*

नवी पेठ, दुरुस्तीचं काम करतो

ताई, चालेल, पण अगदी तोंडापुढं नको. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळं कूलर चांगलं काम करतो. खोली १० अंशांनी उतरली तर मशीनच्या आतले आकडेही साधारण तेवढेच उतरतात. खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा साचत नाही. कूलरमधून थेंब उडत असले तर मात्र लांब ठेवा, बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे वाळून बसतात.

त्याच्याआधी एक बघा, पीसी कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात आहे का? मागची फळी बंद असलेल्या त्या कप्प्यात मशीन स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. बाहेर काढून ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. काही वेळा एवढ्यावरच भागतं.

*

साखर पेठ

कप्प्यातच होता. काढून ठेवला. दुपारी मुलाच्या गेममध्ये ९३ दिसायचे, आज ८२. कूलर अजून हलवलाही नाही.

*

होटगी रोड

आमचं कारण वेगळंच निघालं, म्हणून लिहितोय. पीसी सुरू केल्यावर कधी पाच सेकंदांत, कधी तासाभरानं बंद. दोन ठिकाणी दाखवला, दोन्हीकडं "हीटिंग" म्हणून पेस्ट बदलून दिली. नोंदीत तापमान कधी ६० च्या वर गेलेलं नव्हतं. शेवटी लक्ष पॉवर बटणाकडं गेलं. नव्या कॅबिनेटचं बटण दाबलं की आत अडकून बसायचं, पुरतं वर यायचं नाही. बटण चारेक सेकंद दाबलेलं राहिलं की बोर्ड वीज तोडतोच, ती सोयच आहे. कधी ते लगेच अडकायचं, कधी टेबलाला धक्का लागला की.

तपासायला सोपं आहे. मशीन सुरू करा आणि बोर्डावरून पॉवर स्विचची दोन पिनांची वायर काढून टाका. आमचं रात्रभर चाललं. आता पॉवर बटणाची वायर मोकळीच ठेवलीय, रिसेट बटणाची वायर तिच्या जागी लावलीय आणि मशीन त्यानंच सुरू करतो.