प्रमोशन हवंय, पण कमिट्या पिच्छा सोडत नाहीत

चष्मिष्ट:
असोसिएट प्रोफेसर आहे, प्रोफेसरशिपला अप्लाय करायचंय पण मिनिट्स लिहा, पाहुण्यांचं बघा, रडणाऱ्या स्टुडंट्सना समजवा, सगळं माझ्याच गळ्यात. पेपर कधी लिहू? नाही म्हटलं की लगेच "टीम प्लेअर नाही". काय करावं?

निवांत_जीव:
तुमच्या एकटीचं नाहीये हे. २०१७ चा लिंडा बॅबकॉक वगैरेंचा रिसर्च बघा, ज्या कामाने प्रमोशन मिळत नाही त्याला मिक्स ग्रुपमध्ये बायकाच जास्त हात वर करतात आणि नुसत्या बायका किंवा नुसते पुरुष असले की फरकच उरत नाही!! म्हणजे स्वभाव वगैरे काही नाही, बायका करतील हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. एचओडींना सांगा, "कोण करेल?" विचारू नका, पाळी लावा.

ठोंब्या:
पाळी ठीक, पण बजेट किंवा सिलेक्शन कमिटी मागून घ्या, खरे निर्णय तिथे होतात.

मधली_सुट्टी:
+१. आणि पॉलिसी नीट वाचा. अमेरिकेत बाळ झालं की आई-बाप दोघांनाही टेन्युअर (म्हणजे प्रोफेसरची कायमची नोकरी) मिळवायची मुदत सरसकट वाढवून दिली, तर टॉप इकॉनॉमिक्स डिपार्टमेंट्समध्ये पुरुषांना टेन्युअर जास्त मिळायला लागलं, बायकांना कमी 🙄 (२०१८ चा पेपर आहे)

चष्मिष्ट:
कमाल आहे! पाळीचा मेल आजच टाकते.